तीन भोंगे आणि कुसुमचा मंगळ

कुसुम,

काल पेपरात नेपच्यूनचा फोटो आला. तिसऱ्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, बियाण्यांच्या जाहिरातीला खेटून. करडा गोळा आणि त्यावर एक काळा डाग. मला वाटलं, मीनूनं तेलकट बोट लावलं. पदरानं पुसायला गेले तर ती ओरडली, "आजी, तो डाग तिथलाच आहे! वादळ आहे ते!" बघ, तू गेलीस आणि घरातली अक्कल लगेच एवढ्यावर आली. तुझी वहिनी नेपच्यूनवरचं वादळ पदरानं पुसत होती.

बारा वर्षं चालून ते यान तिथं पोचलं म्हणे. तू नऊ दिवस आधी गेलीस. दवाखान्यात समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट करून रोज विचारायचीस, "वैनी, किती राह्यले?" आणि मी दिवस मोजायचे. एकदा म्हणालीस, "नेपच्यून येईपर्यंत मले टिकव कशीबी."

मी म्हटलं, "टिकवू कशी? मीठ लावून बरणीत भरू काय तुले?"

तू हसलीस आणि मग तुला धाप लागली. तेव्हापासून मी तुला हसवायचं बंद केलं. पंचेचाळीस-पन्नास वर्षांत मी तुझ्याशी गंभीरपणे वागले ते शेवटचे सहा दिवस. तुला ते आवडलं नसणार.

आज अकरावा दिवस. घरातली पाहुणी माणसं पांगली. पोळा तोंडावर आला आहे, गल्लीत बैलांच्या सजावटीची दुकानं लागली आहेत. तुझी पिशवी अजून खुंटीवर आहे. ती काढायची कोणाची छाती नाही, माझी तर नाहीच. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला माझ्याजवळ एकेचाळीस वर्षं होती आणि दर वर्षी मला काही ना काही काम निघालं.

पण आधी तुझं आणि महाराजांचं भांडण. तुझी आठवण काढायची तर तिथूनच सुरुवात करायला हवी, नाहीतर तू रुसशील.

पलीकडच्या घरातल्या धाकट्या महाराजांशी तू जेवढी भांडलीस तेवढी सख्ख्या भावाशी भांडली नाहीस. त्यांचे वडील, थोरले महाराज, अख्ख्या गावाच्या पत्रिका करायचे. ते गेल्यावर पंचांग यांच्याकडे आलं. तू गडचिरोलीकडच्या जंगलातल्या शाळांवर मास्तरीण. सुट्टीत एष्टीनं चंद्रपूरला यायचीस, पाय धुवायच्या आधी ओसरीवरून हाक मारायचीस, "महाराज, काय म्हणतात तुमचे ग्रह?" आणि ते पंचांग बगलेत मारून चहाला यायचे. चहा मी करायचे, काड्याही मीच टाकायचे.

आपला भारतीय माणूस पहिल्यांदा अवकाशात गेला त्या उन्हाळ्यातलं आठवतं? महाराज आले तेच मुळी जिंकून आल्यासारखे. म्हणाले, "बाई, असा योग त्याच्या पत्रिकेत असलाच पायजे. त्याशिवाय माणूस इतका वर जात नाई."

"त्याची पत्रिका पाह्यली तुम्ही?"

"पाहाची गरज नाई. गेला ना? म्हणजे असनच."

तू बशीतला चहा फुंकत म्हणालीस, "बरं. तो दीड तासात पृथ्वीले एक चक्कर मारते. आपल्या इथी दिवसभरात बारा लग्नं उगवतात, म्हणजे पूर्वेले बारा राशी, दर दोन तासांनी एक. त्याच्या खिडकीत ती बाराची बारा दीड तासात उगवून गेली. तिथी एखादं लेकरू झालं तर पत्रिका कशी मांडान?"

महाराजांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मी तुझ्याआधी हिशेब केला. मला तुझ्या पाठांतून एवढं यायला लागलं होतं. "साडेसात मिनिटाले एक लग्न, महाराज! अन् साडेसाती तिथी चहा होईपर्यंत आटपत असन."

सगळे हसले. महाराजही हसले, पण गडी हरला नाही. "पत्रिका पृथ्वीवरच्या माणसाची असते बाई. जो इथून गेला तो आमच्या हद्दीबाहेर."

"असं!" तू म्हणालीस. "म्हणजे तुमच्या ग्रहांचा कोप चुकवाचा तर माणसानं त्या ग्रहांकडेच पळून जावं."

मग तू तो प्रश्न विचारलास. मंगळावर यान उतरून तेव्हा बरीच वर्षं झाली होती, तू त्याचे फोटो शाळेच्या भिंतीवर चिकटवले होतेस. म्हणालीस, "उद्या माणसं तिथी राहाले गेली. तिथी एखादी पोरगी झाली. तिले मंगळ असन का नाई?"

महाराजांनी पंचांग चाळायला घेतलं. आणि मी, जिला चांगला चाललेला खेळ बिघडवायची जन्मखोड, म्हटलं, "तिले पृथ्वी असन! कडक पृथ्वी! वरपक्षाचे म्हणतीन, पोरगी चांगली आहे हो, पण पृथ्वीची आहे, आमच्या पोराले खाईन!"

किती हसलीस तू. डोळ्याला पदर लावलास. आणि मग हसता हसता थांबून माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही, नुसतं पाहिलंस. मी कपबशा उचलून आत गेले आणि स्वच्छ कपबशा पुन्हा घासल्या.

महाराजांची बाजूही सांगते, नाहीतर तूच म्हणशील, वैनी एकतर्फी लिहून राह्यली. हर्षलजवळ, तुझ्या पुस्तकातल्या युरेनसजवळ, यान गेलं त्या हिवाळ्यात तू त्यांना धरलंस. "महाराज, हा हर्षल दुर्बिणीतून सापडला. त्याच्या आधीच्या पंचांगात तो नव्हता. आता तुम्ही त्याले घरात घेतला, अपघात-बिपघात त्याच्या माथी मारले. सापडायच्या आधी तो लोकायले त्रास देत होता का नव्हता?"

महाराज शांतपणे म्हणाले, "त्रास होत होता बाई. नाव माहीत नव्हतं."

तू मान डोलावलीस. दोन दिवस घरात म्हणत होतीस, उत्तर चांगलं होतं, उत्तर खरंच चांगलं होतं. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना एकदम म्हणालीस, "पण वैनी, हा माणूस कोणत्याच प्रश्नाले 'मले माहीत नाई' म्हणत नाई, हे पाह्यलं का तू? यान गेलं तर म्हणते योग होता. नसतं गेलं तरी योगच म्हणाला असता. नवा ग्रह निघाला तर आमचाच. ज्याले कधीच माहीत नाई म्हणता येत नाई, त्याले कधी नवं काही माहीत होतच नाई."

मेथीची जुडी होती हातात. मी देठं ठेवली आणि पानं फेकली. तू बघितलंस आणि पानं उचलून माझ्यासमोर ठेवलीस.

आता सांगते.

त्या वेळची मी तुला आठवते का? बावीस वर्षांची, सातवी पास. नाकात नथ आणि डोक्यात हवा. पोथी घडाघडा वाचता येते म्हणून गल्लीतल्या बायका मला विचारून उपास धरायच्या, आणि मला वाटायचं, देवसुद्धा माझ्याकडे पाहूनच तिथी ठरवत असतील. त्या बयेला आज मी रस्त्यात पाहिलं तर वाट बदलीन. सासूबाई जाऊन पाच वर्षं झालेली. घर माझ्या हातात, तू एकोणीस वर्षांची नणंद माझ्या हातात, आणि मला फार वाटायचं की सगळं कसं शास्त्राप्रमाणे झालं पाहिजे.

वरोऱ्याचं स्थळ आलं. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. बघायला आला तेव्हा बाकीच्यांसारखं "स्वयंपाक येतो का" नाही विचारलं, "काय वाचता?" विचारलं. तू उत्तर दिलंस ते कोणाला ऐकूच गेलं नाही, पण पुढे दोन दिवस तू धुणं धुताना गुणगुणत होतीस. ते मी ऐकलं होतं, कुसुम. पुढचं जे केलं ते ऐकून केलं.

मामंजींनी सरळ सांगितलं होतं, आमच्या पोरीची पत्रिका नाही. वरोऱ्याचेही म्हणाले, नसेल तर राहू द्या, मुलं पसंत आहेत. झालं होतं सगळं. आणि मी मध्ये पडले. पत्रिका नाही म्हणजे काय? लोक काय म्हणतील, भावजयीनं नणंद उरकून टाकली? मी दुपारी उठून थोरल्या महाराजांकडे गेले. त्यांच्या अंगणात चार-पाच बायका आपापले प्रश्न घेऊन बसलेल्या. मी नव्या लुगड्याची घडी मोडून गेले होते, हेही लिहिते, लाज ठेवायची कशाला आता.

महाराजांनी विचारलं, "जन्मवेळ?"

तेव्हा आपल्या भागात घड्याळ किती घरांत होतं? कोळशाच्या खाणीचा भोंगा हेच घड्याळ. लेकरू झालं की बाया म्हणायच्या, भोंग्याच्या आधी झालं, भोंग्यावर झालं, भोंग्यानंतर भात शिजेपर्यंत झालं. सासूबाई एवढंच सांगायच्या, "भोंगा वाजला अन् कुसुम झाली." मी तेच सांगितलं.

"कोणता भोंगा, बाई? खाणीचे तीन होतात. सकाळी सहाचा, दुपारी दोनचा, रात्री दहाचा."

हे मी सासूबाईंना कधी विचारलंच नव्हतं. सुईण मेलेली. मामंजी जंगल खात्यात. तुझ्या जन्माच्या वेळी ते आलापल्लीकडे दौऱ्यावर, आठ दिवसांनी घरी आले होते. जगात सांगणारं कोणी नव्हतं. मला म्हणता आलं असतं, माहीत नाही. महाराजांनी पाटी बाजूला ठेवली असती, मी घरी आले असते, आणि पंधरा दिवसांनी तुझ्या हाताला हळद लागली असती. पण बायका बघत होत्या ना. सातवी पास सून, आणि तिला नणंदेची वेळ माहीत नाही?

"सकाळचा," मी म्हटलं. ठणकावून. "सकाळचाच."

एवढंच केलं मी. कोणी माझ्यावर जोर केला नव्हता. तीन भोंग्यांतला एक उचलला, बाजारातून वांगं उचलावं तसा.

महाराजांनी पत्रिका मांडली. सातव्या घरात मंगळ. म्हणाले, "कडक आहे." आणि तुझ्या वहिनीचा शास्त्रीपणा इथंच थांबला नाही. तिनं त्या पत्रिकेची सुंदर अक्षरात नक्कल केली, कोपऱ्यांना कुंकू लावलं आणि स्वतःच्या हातानं वरोऱ्याला पाठवली. खरं ते सांगितलेलं बरं, असं म्हणत. खरं!

पुढचं तुला माहीत आहे. वरोऱ्याहून दोन ओळींचं पत्र आलं. मग भद्रावतीचं स्थळ आलं आणि मंगळ आधीच तिथं पोचलेला होता. मग आणखी एक. मग कोणी आलं नाही. यान बारा वर्षांत नेपच्यूनला पोचतं, कुसुम. पोरीचा मंगळ चार दिवसांत अख्ख्या जिल्ह्याला पोचतो, त्याला इंधनसुद्धा लागत नाही.

तू रडली असशील, पण मला दिसेल असं नाही. एक दिवस पुस्तकं घेऊन बसलीस आणि मास्तरीण झालीस. लोक म्हणायचे, बिचारी. तू ज्या गावांत राहिलीस तिथं पावसाळ्यात चार महिने एष्टी जात नव्हती. कंदील म्हणजे सूर्य, लिंबू म्हणजे पृथ्वी, आणि मंगळ म्हणून तू बोराची बी फिरवायचीस. मुद्दाम इतका बारीक. एकदा मी तिकडे राहायला आले होते. संध्याकाळी शाळेच्या अंगणात तू पोरांना सप्तर्षी दाखवत होतीस. एक गोंडाची पोर म्हणाली, "बाई, ते ऋषी नाई, ती म्हातारीची बाज आहे. तीन चोर तिचा पाय ओढून राह्यले." तू तिलाच पुढं उभं केलंस आणि सगळी गोष्ट सांगायला लावलीस. मग मला म्हणालीस, "पाह्यलं वैनी? तारे तेच. यायच्या आभाळात बाज आहे, चोर आहेत. पण पोरीयचे लग्नं मोडाचं काम यायनं कोणाले देलं नाई."

त्या पोरीच्या तोंडाकडे तू जसं पाहत होतीस, तसं मी माझ्या लेकरांकडेही पाहिलेलं मला आठवत नाही. म्हणून तुला कोणी बिचारी म्हटलं की मी भांडायचे. पण भांडून घरी आले की वाटायचं, हिचं आयुष्य चांगलं झालं ते हिनं केलं म्हणून. मी काय केलं होतं ते बदलत नाही.

आणि आता तुझी ही शहाणी वहिनी किती खाली गेली ते ऐक. तुझं ऐकून ऐकून माझा पत्रिकेवरचा विश्वास उडाला, हे तुला वाटायचं. दिवसा उडालेला असायचा. पंधराएक वर्षांपूर्वी मी गुपचूप धाकट्या महाराजांकडे गेले. म्हटलं, माझ्या मावसबहिणीच्या मुलीची पत्रिका आहे, वेळेचा घोळ आहे. तारीख तुझी सांगितली. "सकाळी सहाच्या ऐवजी दुपारचे दोन असतील तर?"

त्यांनी मांडून पाहिलं. "मग मंगळ तिसरा. दोष नाई."

"अन् रात्रीचे दहा असतील तर?"

"अकरावा. उलट चांगला."

तीन भोंगे. दोन सोडून मी नेमका तो उचलला.

महाराजांना काय कळलं, देव जाणे. मी घरी आले. तू सुट्टीवर आलेली होतीस. मी तुझ्या ताटात तीनदा भात वाढला. तू म्हणालीस, "काऊन वैनी? काही चूक केली काय? चूक केली की तू वाढत राह्यते."

मी चौथ्यांदा वाढला.

पुढे बरीच वर्षं गेल्यावर मला कळलं, मी त्या दिवशी काय करायला गेले होते. मंगळानं केलेल्या गुन्ह्याची माफी मी मंगळाकडूनच मागायला गेले होते. समजा, भोंगा खरंच सकाळचा असता, वेळ मिनिटाला बरोबर असती, तर तुझं लग्न मोडणं योग्य ठरलं असतं का? तू हेच विचारलं असतंस. तुझ्या लेखी तीनही पत्रिका सारख्याच खोट्या होत्या. पण ज्या खोट्या पत्रिकेवर तुझं घर मोडलं, ती माझ्या तोंडून निघालेली होती. ते कोणत्या घरात मांडायचं?

गेल्या वर्षी पितृपक्षात मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता. तू मला गच्चीवर ओढून नेलंस. अलीकडे आपल्या गावावर धूरच इतका असतो की तारे शोधावे लागतात, पण तो दिसत होता. लाल, ढळढळीत, चुलीतल्या निखाऱ्यासारखा.

"पाह्य वैनी," तू म्हणालीस, "हाच तो. माझा शत्रू."

मी पाहिलं.

"दगड आहे गंजलेला. तिथी यान उतरलं, माती उकरून पाह्यली, एक किडा सापडला नाई. ज्याच्या सोताच्या अंगणात कोणी नाई, तो माझ्या अंगणात काय पाहून राह्यला होता?" आणि मग हळूच, "इतक्या दुरून याले वरोरा दिसला कसा, हेच मले समजत नाई."

चाळीस वर्षांत तू वरोऱ्याचं नाव पहिल्यांदा घेतलंस. माझ्या तोंडात शब्द आला होता. मी म्हटलं, "कुसुम..."

"हं?"

"खाली भात करपत असन."

भात करपत नव्हता. चुलीवर काहीच नव्हतं. खाली येऊन मी भांडं चढवलं.

दवाखान्यातही मी ठरवून यायचे. आज सांगीन. एका दुपारी तू डोळे मिटून पडली होतीस, तुझा हात माझ्या हातात होता, आणि खाणीचा भोंगा वाजला. आता गावात इतके आवाज असतात की तो ऐकायलाही येत नाही, पण त्या खाटेवर ऐकू आला.

तू डोळे न उघडता विचारलंस, "कोणता हा?"

"दोनचा."

"नक्की?"

"समोर घड्याळ आहे ना. दोन वाजले."

"मग ठीक," तू म्हणालीस. आणि तुझ्या ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू आलं.

मी म्हटलं, "कुसुम, मले तुले एक..." तेवढ्यात नर्स सुई घेऊन आली. ती गेल्यावर तू विचारलंस, "नेपच्यूनले किती राह्यले?" मी मोजले. बारा. ते सांगितले, आणि सांगायचं ते राहिलं.

तुला माहीत होतं का? अकरा दिवस मी त्या "मग ठीक"चा कीस काढते आहे. कधी वाटतं, तुला सगळं माहीत होतं, पहिल्यापासून, आणि तू मला सांभाळलंस. गच्चीवर, मेथी निवडताना, ताटावर. कधी वाटतं, काही माहीत नव्हतं, आजारी माणूस वेळ विचारतो तशी विचारलीस. आता हे मला कळायचं नाही. ते न कळता जगायचं, हीच माझी शिक्षा असेल तर ती फार नाही. तुला विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून उत्तरही नाही.

राखीच्या दिवशी सकाळी तू गेलीस. राखी तू नर्सकडून आदल्या दिवशीच मागवून उशीखाली ठेवली होतीस. ती तुझ्या भावाच्या मनगटाला मी बांधली, तुझ्या खाटेशी उभी राहून. त्यांनी हात पुढे केला तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही, तुझ्याकडे पाहिलं. गाठ मला नीट बसेना. ती राखी बांधूनच ते तुझ्यासोबत शेवटपर्यंत चालत गेले.

पण त्याआधी, तुला घरी आणलं तेव्हाचं सांगायचं आहे. त्यासाठीच हे लिहायला बसले.

अंगण भरलं होतं. गल्लीतल्या बायका भिंतीकडेनं बसल्या होत्या. धाकटे महाराज आले, तुझ्या पायाशी वाकले, खूप वेळ वाकलेलेच राहिले. मग डोळे पुसत ओसरीवर आले. हातात पंचांग होतं. माझ्याजवळ बसून हळू आवाजात म्हणाले, "काकू, वेळ कोणती होती?"

"कशाची?"

"बाई गेल्या ती. आज सकाळीच पंचक लागलं. लागाच्या आधी गेल्या असतीन तर काहीच कराचं नाई. नंतर गेल्या असतीन तर कणकीचे पाच पुतळे करून सोबत द्यावे लागतीन. नाईतर घरातले आणखी पाच..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. दारात मीनू उभी होती.

बायका माझ्याकडे पाहत होत्या. अगदी तशाच. कोण म्हणतं, दिवस परत येत नाहीत?

आणि मला वेळ माहीत होती, कुसुम. मिनिटासकट. तुझा हात हातात होता आणि घड्याळ समोर होतं. आयुष्यात एकदाच मला तुझ्याबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं बिनचूक उत्तर येत होतं. आधीची वेळ सांगितली असती तर सगळे सुटले असते. नंतरची सांगितली असती तर पाच पुतळे झाले असते आणि मंडळी समाधानानं उठली असती. मीनूला मी खुणेनं जवळ बोलावलं, खोटं कशाला बोलू. पाचाचा आकडा ऐकला की आजीचं मन नातवंडं मोजतं.

मी तुझ्याकडे पाहिलं. मग महाराजांकडे.

"मले माहीत नाई," मी म्हटलं.

"अंदाजे, काकू?"

"अंदाजे सांगतलं होतं एकदा, महाराज. तुमच्या वडलायजवळ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी पंचांग मिटलं, पिशवीत घातलं, पिशवी खुंटीला अडकवली. तुझ्या पिशवीच्या शेजारी. म्हणाले, "मग राहू द्या." आणि अंगणात जाऊन, कोणी न बोलावता, तुझ्या उजव्या खांद्याशी उभे राहिले. तुझ्याशी पंचवीस वर्षं भांडलेला माणूस. तुला खांदा देताना सगळ्यांत पुढे तोच होता.

ती वेळ मी कोणाला सांगितलेली नाही. तुझ्या भावालाही नाही. इथंही लिहीत नाही.

फोटो मी कापून ठेवला आहे, डागासकट. त्या यानाला नेपच्यूनपर्यंत जायला बारा वर्षं लागली. मला थोरल्या महाराजांच्या अंगणातून या ओसरीपर्यंत तीन शब्द आणायला एकेचाळीस.